रुमालात बांधलेल्या परिषदा

गेल्या माघ महिन्यात एका जिल्ह्याच्या गावी, पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन भरविलेल्या दोन दिवसांच्या चर्चासत्रास हजर राहण्याचा योग आम्हांस आला. विषय होता खेड्यापाड्यांतील जुन्या पाणीव्यवस्थांचा. अशा प्रसंगी जे व्हावयाचे ते सर्व यथासांग झाले. दीपप्रज्वलन झाले, पाहुण्यांस शाली व श्रीफळे मिळाली, उद्घाटकांनी ठरल्यापेक्षा अर्धा तास अधिक घेतला आणि त्याची भरपाई निबंधवाचकांस आपापल्या वेळातून पाच-पाच मिनिटे कापून करून द्यावी लागली. इतके असूनही चर्चासत्र चांगले झाले, हे आरंभीच सांगून टाकतो; कारण पुढे जी तक्रार मांडावयाची आहे ती वाईट चर्चासत्राविषयी नसून चांगल्या चर्चासत्राविषयी आहे. वाईट चर्चासत्र विसरले गेले तर कोणाचेच काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण अध्यापिकेने पांझरा नदीवरील फडपद्धतीसंबंधी निबंध वाचला. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून, त्यांतून काढलेल्या पाटाचे पाणी सामाईक रीतीने वापरण्याची ही पद्धती काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठाले भाग, म्हणजेच फड, पाडावयाचे; एका फडात एका हंगामी सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे; आणि पाटाची देखरेख, पिकांची राखण व पाणी देणे ही कामे त्यासाठी नेमलेल्या माणसांकडे सोपवावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. निबंध परिश्रमपूर्वक लिहिलेला होता. पडद्यावर नकाशे दाखविले गेले, जुन्या कागदांची छायाचित्रे दाखविली गेली. पाण्याच्या पाळीवरून शेतकऱ्यांत होणारे तंटे मिटविण्यात ही पद्धती विशेष यशस्वी ठरली, असा निबंधाचा निष्कर्ष होता.

निबंध संपताच शेवटच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचे चुलते पाटकरी होते. ते म्हणाले, “ताई, तुम्ही सांगितलं ते बरंचसं बरोबर आहे. पण आमच्याकडं शेतकरी स्वतः पाळी लावून पाणी घेतच नव्हता. बारेकरी फडाच्या एका टोकाला पाणी धरायचा आणि एकामागून एक सगळी शेतं भिजवीत दुसऱ्या टोकाला जायचा. मालकानं बांधावर यायचंही कारण नव्हतं. तंटा मिटवायचा कसा, हा प्रश्न नंतरचा. पाळीवरून तंटा व्हायला मुळात तशी पाळीच नव्हती.”

अध्यापिकेने तेथल्या तेथे हे टिपून घेतले. त्यानंतर वीस मिनिटे जे संभाषण चालले ते त्या दोन दिवसांतील सर्वांत मोलाचे होय, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. मोसमकाठच्या एका श्रोत्याने आपल्याकडील रीत सांगितली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी असे दाखवून दिले की, फडातील सर्व शेतांत एकच पीक असले म्हणजे सर्वांस पाण्याची गरज एकाच वेळी व सारखीच असते, आणि म्हणूनच एका माणसाने सलग भिजवीत जाणे शक्य होते. पिकाचा नियम व पाण्याचा नियम हे दोन नसून एकच आहेत. निबंधाचा निष्कर्ष पालटला, आणि पालटल्यामुळे अधिक किमतीचा झाला.

समारोपाच्या वेळी आम्ही आयोजकांस विचारले, की हे निबंध, पडद्यावर दाखविलेल्या स्लाइड्स आणि या चर्चेची टिपणे इंटरनेटवर केव्हा वाचावयास मिळतील ? उत्तर मिळाले, की ती तेथे ठेवावयाची नाहीत असे समितीत ठरले आहे. पुढेमागे ग्रंथ निघेल, त्यात निबंध येतील. याच मंडळींनी सहा वर्षांपूर्वी भरविलेल्या चर्चासत्राचा ग्रंथ अद्याप निघावयाचा आहे, ही गोष्ट आम्ही सभ्यपणास स्मरून काढली नाही. आणि ग्रंथ निघाला तरी त्यात निबंध येतील; शेवटच्या रांगेतील त्या वृद्ध गृहस्थांचे बोलणे येणार नाही. त्यांचे नाव उपस्थितांच्या वहीत आहे, आणि ती वही कपाटात आहे.

हा अनुभव एका ठिकाणचा नव्हे. महाराष्ट्रात विद्यापीठे, महाविद्यालये, संशोधनसंस्था व साहित्यसंस्था मिळून वर्षाकाठी किती परिषदा भरवितात, याची मोजदाद करण्याचे कारण नाही. वृत्तपत्रांचे स्थानिक पान उघडले तरी पुरे. त्यांपैकी पुष्कळ परिषदांस सरकारी अनुदान असते, उरलेल्यांचा खर्च महाविद्यालयांच्या निधीतून व येणाऱ्यांच्या शुल्कातून भागतो. म्हणजे पैसा समाजाचा, सभागृह समाजाचे, विषयही बहुधा समाजाच्याच जीवनातला. फक्त जे निष्पन्न होते तेवढे खाजगी! आमचे म्हणणे थोडक्यात असे : जो निबंध सार्वजनिक सभेत वाचला गेला तो वाचल्याच्या क्षणी सार्वजनिक झाला. तो लेखकाच्या नावानिशी, तारखेनिशी व त्यावर झालेल्या चर्चेनिशी सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देणे हे परिषदेचे अंगभूत काम आहे. ते केल्यावाचून परिषद पुरी झाली, असे मानता येत नाही.

ही मागणी पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने सुचलेली नवी टूम आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आपल्याच विद्येचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आठवून पाहावा. महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाचा जो उदय झाला तो मुळी कागद रुमालातून सोडवून छापण्यापासून झाला. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ निघू लागला तो याच हेतूने. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे त्या मालेचे २२ खंड झाले. हे कागद जमविण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली होती. ते आपल्याजवळ ठेवून घेऊन त्यांच्या आधारे आपणच तेवढा इतिहास लिहावा, असे त्यांस म्हणता आले असते. त्यांनी उलट मार्ग धरला. मूळ कागदच छापून टाकले, की ज्याला ज्याचा उपयोग सुचेल त्याने तो करावा. राजवाड्यांचे अनुमान चुकले असेल तर ते चुकले असे दाखविण्याचे साधनही वाचकास राजवाड्यांच्याच पुस्तकात सापडावे. याच्या उलट उदाहरण पेशवे दफ्तराचे. ते इंग्रज सरकारच्या ताब्यात होते व अभ्यासकांस त्यात सहजी शिरकाव नव्हता. १९३० च्या सुमारास गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघू लागले, तेव्हा कोठे ती कोंडी काही अंशी फुटली. परकी सरकारने कागद कोंडून ठेवले म्हणून आपण त्यास दोष देत आलो. आता स्वकीय समित्या निबंध कोंडून ठेवतात, त्यास काय म्हणावे?

१९१० साली राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतील इतिवृत्ते व संमेलनवृत्ते ज्यांनी चाळली असतील, त्यांस ठाऊक आहे की त्यांत सगळेच प्रबंध प्रौढ नाहीत. कोठे एखादेच पत्र दिले आहे, कोठे एखाद्या शिलालेखाचे वाचन, तर कोठे नुसती शंका. पण सभेत जे आले ते छापून बाहेर गेले, आणि एकाने केलेले वाचन दुसऱ्याने सुधारावे, ही परंपरा त्यातून निर्माण झाली. १९१९ साली पुण्यास रामकृष्णपंत भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली पहिली प्राच्यविद्यापरिषद भरली. तिचाही वृत्तांत व निबंध पुढे छापून प्रसिद्ध झाले. त्या काळी प्रत्येक पानास खिळे जुळवावे लागत, कागद विकत घ्यावा लागे, टपालखर्च सोसावा लागे. आज यांपैकी कशाचीच गरज नाही. आणि नेमके आज आपल्या परिषदा मौनव्रत धरून बसल्या आहेत.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय आहे ते पाहू. आयोजकांशी व इतर विद्वन्मित्रांशी झालेल्या संभाषणांत आम्हांस मुख्यतः चार आक्षेप आढळले.

पहिला आक्षेप चोरीचा. निबंध उघड्यावर ठेवला की कोणीतरी तो उचलून आपल्या नावावर खपवील, ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. वाङ्मयचौर्य ही आपल्याकडील जुनी व्याधी आहे. परंतु या व्याधीवर लपवालपवी हे औषध नव्हे, हे जगाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच अनुभवून पाहिले आहे. १६७६ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्थितिस्थापकत्वाचा आपला नियम कोणी पळवू नये म्हणून तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला, आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. तोवर दोन वर्षे तो नियम जगाच्या काहीही उपयोगाचा नव्हता. ही कोडी मागे पडत गेली ती संशोधक अधिक सज्जन झाले म्हणून नव्हे. १६६५ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक निघू लागले होते. शोध तारखेसह उघडपणे नोंदविणे हेच अग्रमानाचे रक्षण होय, ही गोष्ट हळूहळू सर्वांच्या अनुभवास आली.

आजचे उदाहरण हवे असेल तर ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाचे घ्या. प्वांकारे यांचे सुप्रसिद्ध अनुमान सिद्ध करणारे आपले निबंध त्याने २००२ व २००३ साली ‘आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात ठेवून दिले आणि ते कोणत्याही नियतकालिकाकडे कधीच पाठविले नाहीत. गणितातील इतके मोठे घबाड उघड्यावर पडले असताना ते कोणाला पचविता आले नाही. कारण कोणत्या दिवशी कोणी काय लिहिले होते हे साऱ्या जगास दिसत होते. पुढे २००६ साली त्याने फील्ड्स पदक नाकारले व २०१० साली दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिकही नाकारले. मान नाकारावयाचा तरी तो आधी आपल्या पदरी यावा लागतो, आणि तो त्याच्या पदरी आला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. चोरी अंधारात होते. सभेत वाचलेला व नंतर कपाटात गेलेला निबंध चोरण्यास सर्वांत सोपा. कारण तो ऐकणारे चाळीसजण, आणि पुरावा कोणाजवळच नाही. आपल्याकडील प्रबंधांचाच अनुभव पाहा. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानंतर पीएच. डी. चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात खुले होऊ लागले. त्यामुळे नक्कल करणे सोपे झाले असेल, पण ती पकडणे त्याहून कितीतरी सोपे झाले.

दुसरा आक्षेप अपक्वतेचा. परिषदेतील निबंध म्हणजे कच्चा खर्डा. तो जगापुढे ठेवला तर लेखकाची अब्रू जाईल. हा आक्षेप घेणारे बहुधा खरोखरीचे विद्वान असतात, म्हणून त्यास आदराने उत्तर देणे प्राप्त आहे. भांडारकर प्राच्यविद्यासंशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा, १९२३ साली, नारायण बापूजी उटगीकर यांनी संपादिलेल्या विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती प्रथम छापून ती देशोदेशीच्या पंडितांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आली. पद्धतीत काय दोष आहेत ते आधीच कळावे, हा हेतू. पुढे वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखाली आदिपर्वही १९२७ पासून तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध होत गेले, आणि सारे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. ज्या संस्थेच्या काटेकोरपणाचा दाखला जगभर दिला जातो तिला आपला कच्चा खर्डा दाखविण्याची लाज वाटली नाही. खर्ड्यावर ‘खर्डा’ असे लिहावे, तारीख घालावी, पुढे सुधारलेली प्रत शेजारी ठेवावी, म्हणजे झाले. आणि जो निबंध जगास दाखविण्याइतका पक्व नाही तो शंभर लोकांस दोन दिवस बसवून ऐकविण्याइतका पक्व कसा होतो, याचेही उत्तर आक्षेपकांनी द्यावे.

तिसरा आक्षेप असा, की सारे घरबसल्या मिळू लागले तर परिषदेस येईल कोण ? हा आक्षेप घेणाऱ्यांस स्वतःच्या परिषदेविषयी फारच हलके मत दिसते. २०२० साली महामारीमुळे सर्व सभागृहे बंद पडली आणि परिषदा पडद्यावर भरू लागल्या. तेव्हा एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली : निबंध दूर बसून ऐकता येतो, पण चहाच्या वेळी होणारी ओळख, निबंधवाचनानंतर ओट्यावर तासभर रंगलेला वाद, आणि शेवटच्या रांगेतून उठणारा पाटकऱ्याचा पुतण्या, हे काही पडद्यावर सहसा मिळत नाही. सभागृहे उघडताच लोक परत आले ते यासाठी. ज्या परिषदेस लोक केवळ निबंध इतरत्र मिळत नाहीत म्हणून येतात तिला ओस पडण्याची भीती वाटणे साहजिक आहे; पण तिच्या ओस पडण्याने विद्येची हानी होईल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

चौथा आक्षेप उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही, पण सर्वांत बलवत्तर तोच आहे. २०१० साली लागू झालेल्या नियमावलीत अध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची जी पद्धत आली तीत परिषदेत निबंध वाचण्यासही गुण होते. पुढे नियम बदलले. परंतु लागलेली सवय नियमाबरोबर जात नाही. निबंध ऐकला गेला की नाही यापेक्षा प्रमाणपत्र मिळाले की नाही यास महत्त्व आले. दहा मिनिटांत वाचून संपविलेले, पूर्वी दोन ठिकाणी वाचून झालेले, कधी कधी वाचकाने प्रथमच पाहिलेले निबंध आम्ही कानांनी ऐकले आहेत. असा निबंध उघड्यावर ठेवणे कोणास परवडेल ? येथे बंद कपाट हे चोरापासून संरक्षण नसून परीक्षकापासून संरक्षण आहे. आणि दुःखाची गोष्ट ही, की या मूठभर निबंधांची लाज झाकण्यासाठी त्या तरुण अध्यापिकेच्या निबंधासारखे प्रामाणिक काम त्याच कपाटात कोंडले जाते. सर्व निबंध खुले होतील हे आधीच ठाऊक असेल तर अर्धे निबंध येणार नाहीत, अशी एका आयोजकांनी आम्हांपाशी चिंता व्यक्त केली. ती चिंता नव्हे, आशा आहे !

या वादात ज्याचे नावच निघत नाही असा एक पक्ष आहे. तो म्हणजे मांडवाबाहेरचा वाचक. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी इतिहास शिकविणारा एखादा शिक्षक डोळ्यांपुढे आणा. त्याला रजा मिळत नाही, प्रवासखर्च मिळत नाही, निमंत्रण तर नाहीच. १८५७ साली छापलेला मोल्सवर्थचा मराठी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुला ठेवला आहे. त्यात तो ‘फड’ या शब्दाचा अर्थ मध्यरात्रीही पाहू शकतो. परंतु त्याच्या गावावरून वाहणाऱ्या नदीवर गेल्या माघात काय बोलले गेले, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नाही. महाराष्ट्राच्या समाज-संस्कृतीवर परदेशी विद्वानांच्या पुढाकाराने गेली काही दशके परिषदा भरत आल्या आहेत. त्यांतील निबंधांचे संग्रहही निघाले, पण ते इंग्रजीत, आणि मध्यमवर्गीयाने खरेदी करण्यापूर्वी दोनदा विचार करावा अशा किमतीचे. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी का नाकारले, हे प्रत्येक आयोजकाने एकदा वाचून पाहावे. ज्यांच्या जीवनाविषयी बोलावयाचे त्यांस बाहेर ठेवून चाललेल्या विद्वच्चर्चेशी आपले जुळावयाचे नाही, हा त्यातील मुद्दा आजही शिळा झालेला नाही.

तथापि सर्वच सरसकट उघडे करा, असे आमचे म्हणणे नाही. संशोधकाजवळ विश्वासाने सांगितलेली गोष्ट, सांगणाऱ्याच्या जिवास वा अब्रूस धोका पोचविणारी माहिती, दुसऱ्याच्या मालकीचे छायाचित्र वा हस्तलिखित, यांस मर्यादा हवीच. लेखकाची संमती घेतल्यावाचून काहीही ठेवू नये. पण ती संमती निबंध स्वीकारतानाच मागावी, समारोपाच्या चहाबरोबर नव्हे. आणि जे लोक माहिती देतात त्यांचे नाव गाळून ती खुली करणे, हा तर दुप्पट अन्याय होय. या बाबतीत उत्तम वस्तुपाठ जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने घालून दिला आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेमार्फत इंटरनेटवर येऊ लागल्या. त्या ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, पुष्कळ ठिकाणी तिचा आवाजही ऐकावयास मिळतो. खुलेपणा व कृतज्ञता यांत विरोध नाही, हे तेथे दिसते. आमच्या वृद्ध गृहस्थांस एवढाच न्याय मिळावयास हवा होता.

राहिला प्रश्न हे करावे कसे, याचा. येथे उत्साही मंडळींसही चार शब्द सुनावणे भाग आहे. कारण काही आयोजक ‘आम्ही सर्व टाकले आहे’ असे अभिमानाने सांगतात, आणि पाहावे तो तेथे नुसत्या स्लाइड्स असतात. स्लाइड म्हणजे बोलण्याचा सांगाडा. ‘पाणीवाटप – परंपरा – आव्हाने’ अशा तीन शब्दांवरून वक्ता काय बोलला हे ब्रह्मदेवासही कळावयाचे नाही. स्लाइडबरोबर दोन-चार पानांचा सलग मजकूर हवाच. दुसरे, मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या संगणकी टंकांत लिहिलेले निबंध दुसऱ्या यंत्रावर उघडले की अक्षरांचा चिवडा होतो, आणि छायाचित्रासारखी काढलेली पाने असतील तर त्यांत शब्द शोधता येत नाही. ज्यात ‘बारेकरी’ हा शब्द शोधून सापडत नाही तो निबंध उघडा असूनही झाकलेलाच. तिसरे, तो ठेवावयाचा तो टिकाऊ जागी. गप्पांच्या समूहात फिरविलेली फाइल महिन्याभरात नाहीशी होते. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्या कंत्राटदाराकडे गेले की जुनी पाने जातात. २००९ साली अमेरिकेत ‘जिओसिटीज’ बंद पडले तेव्हा लक्षावधी लोकांनी हौसेने मांडलेली पाने एका निर्णयासरशी गेली. विद्यापीठांचे स्वतःचे संग्रह असावेत. नसतील तेथे युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ पासून चालविलेला ‘झेनोडो’सारखा संग्रह कोणाही अभ्यासकास विनामूल्य वापरता येतो, आणि तेथे प्रत्येक निबंधास कायमचा क्रमांक मिळतो.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, ते चर्चेचे. प्रत्येक सत्रास दोन विद्यार्थी लेखनिक नेमावे. कोणी काय विचारले, कोणी काय दुरुस्त केले, हे त्यांनी नावगावासह टिपावे. रात्री वक्त्याने व बोलणाऱ्याने ते डोळ्यांखालून घालावे. आणि आठवड्याच्या आत निबंधाच्या शेवटी ते जोडावे. यास पैसा लागत नाही, दोन वह्या लागतात. १९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या जनुकशास्त्रज्ञांनी असा निश्चय केला, की मानवी जनुकसंचयाचा जो जो भाग वाचून होईल तो २४ तासांच्या आत जगास खुला करावयाचा. आणि एका खाजगी कंपनीशी स्पर्धा चालू असतानाही त्यांनी तो पाळला. अब्जावधी अक्षरांचा ग्रंथ ज्यांना २४ तासांत हातावेगळा करण्याची शिस्त लावता आली, त्यांच्या मानाने आमची एकवीस निबंधांसाठी आठ दिवसांची मागणी काही फार नाही.

त्या अध्यापिकेचे पत्र परवा आले. निबंध सुधारून लिहिला आहे, परंतु त्या गृहस्थांचे नाव व पत्ता तिला पाहिजे आहे. त्यांच्याकडे जाऊन बारेकऱ्याच्या कामाविषयी आणखी विचारावयाचे आहे. उपस्थितांची वही पाहावयास मिळावी म्हणून तिने समितीस दोनदा लिहिले. समितीचे उत्तर आले, की ती वही अनुदानाच्या हिशेबाबरोबर बांधून ठेवण्यात आली आहे. ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही दफ्तरात नाही, आणि रुमाल सोडण्यास समितीला सवड मिळेतोवर ते थांबतील अशी खात्री कोणी द्यावी ?